शेष शून्य

मोनाली लोंढेला तो माणूस पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माणूस आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर कोळवडीचा जलाशय गडद निळा पसरला होता, आणि पैलकाठाजवळ त्या निळ्यात एक केशरी ठिपका मंद उजळत होता, विझत होता, पुन्हा थोडा पुढे उजळत होता. पहाटेची पाळी संपत आली होती. खिडकीबाहेर धुकं होतं. धुक्यातून रोहित पक्ष्यांचा कलकलाट येत होता, पक्षी मात्र दिसत नव्हते. झोप अनावर झाली की स्क्रीनवर असलं काहीबाही दिसतं, असं म्हणून तिने उठून तोंडावर पाणी मारलं. परत येऊन बघते तो ठिपका जलाशयाच्या मध्यावर येऊन थांबला होता. बराच वेळ तो तिथेच राहिला. मग आला तसा परत गेला आणि काठाशी पोचल्यावर मावळला.

कोळवडीच्या पाण्यावर गोधडी पसरली त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. उन्हाळे इतके तापू लागले होते की धरणातलं निम्मं पाणी कालव्यात उतरायच्या आधीच आभाळात जायचं. म्हणून पाण्याला पांघरूण घालायचं ठरलं. पांढरं, पातळ, चिवट असं ते कापड होतं. त्याच्या खालच्या बाजूला हवेच्या चपट्या उश्या होत्या, आणि काठांवरचे न् पाण्यातल्या तराफ्यांवरचे विंच, म्हणजे दोर गुंडाळणारी यंत्रं, त्याला चहूबाजूंनी दोरांनी ताणून धरायचे. सरकारी कागदांत त्याला 'तरंगतं बाष्परोधी आच्छादन' म्हणत. टेकडीवरून पाहिलं की त्याचे चौकोन आणि त्यांच्यामधल्या शिवणी दिसत, म्हणून गावातल्या बायका त्याला गोधडी म्हणू लागल्या, आणि पुढे साहेबलोकही बैठकांमध्ये गोधडीच म्हणू लागले.

एवढं मोठं कापड वाऱ्यात सांभाळायचं तर ते पुढच्या क्षणी कसं वागेल हे आधी कळायला हवं. त्यासाठी नियंत्रण कक्षातला संगणक गोधडीचे हजारो छोटे त्रिकोण कल्पायचा. अख्ख्या गोधडीचं गणित एकदम कुणालाच मांडता येत नाही, पण एका छोट्या त्रिकोणाचं सहज मांडता येतं. मग ते त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून जोडत गेलं की पूर्ण गणित तयार होतं. प्रत्येक कोपऱ्यावर शेजारच्या त्रिकोणांची ओढ, वाऱ्याचा दाब, पाण्याचा रेटा हे सगळं एकमेकांत फिटलं पाहिजे. फिटून जे उरतं त्याला शेष म्हणायचं.

गोधडी ताणलेली असली की सरळ वागते. वारा दुप्पट झाला तर ती दुप्पट वाकते. असलं गणित रेषीय, ते एका पावलात सुटतं. पण सैल सोडली की तिला चुण्या पडतात, ती फडफडते, स्वतःवरच दुमडते, आणि दुप्पट वाऱ्यात काय करेल याचा नेम राहत नाही. तेव्हा संगणक आधी एक अंदाज करतो, शेष किती उरला ते पाहतो, अंदाज सुधारतो, पुन्हा शेष पाहतो, आणि जवळजवळ काही उरेनासं होईपर्यंत हेच करत राहतो. कोळवडीचा प्रोग्राम या अवघड दिवसांसाठी बनवलेला होता. वर्षातले बहुतेक दिवस मात्र सोपेच असायचे.

त्या सोप्या दिवसांसाठीही मोनालीने शेषाची एक व्याख्या प्रोग्राममध्ये लिहिली होती, आणि ती जराशी वेगळी होती. गोधडीच्या प्रत्येक शिवणीवर सेन्सर होते. संगणकाने काढलेला आकार बाजूला ठेवून, सेन्सरनी खरोखर मोजलेला आकार ती समीकरणात घालायची आणि मग विचारायची, आता काय उरलं? वारा आणि पाणी यांच्यामुळे जो आकार यायला हवा तोच आला असेल, तर काही उरणार नाही. उरलंच, तर नेमक्या त्या जागी, नेमकं तेवढंच वजन, गणिताबाहेरचं कुणीतरी गोधडीवर ठेवलेलं आहे. वाहत आलेला ओंडका, उतरलेला पक्ष्यांचा थवा, असलं काही असलं की त्या निळ्यात केशरी उजेड पडायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठिपका पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला. मोनालीने तो भाग मोठा करून पाहिला, तर ठिपका एक नव्हता. दोन होते, आणि एक उजळला की दुसरा विझत होता. ती पावलं होती. वजन मोठ्या माणसाचं होतं. दोन पावलांमध्ये आडवं अंतर बरंच होतं, आयुष्यभर होडीत उभा राहिलेला माणूस जमिनीवरही जसा पाय फाकून चालतो तसं. डावं पाऊल जरा जास्त वेळ टेकायचं, उजवं घाईने उचललं जायचं.

सोमनाथचा उजवा गुडघा होडीच्या इंजिनाखाली सापडून दुखावला होता. शाळेच्या दिवसांपासून या चालीच्या मागे मागे ती किती वेळा काठाकाठाने चालली होती. ओळख पटली तेव्हा ती खुर्चीतून अर्धवट उठली, कक्षात दुसरं कुणी नाही ना हे पाहिलं आणि पुन्हा खाली बसली.

सोमनाथ तिचा नवरा. भोयाच्या घरातला. गोधडीच्या आधी तो याच पाण्यात जाळी टाकायचा, आणि थंडीत शहरातल्या पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवायला न्यायचा. मोनालीही याच काठावरची. ती शिकून इंजिनियर झाली, धरणावर नोकरीला लागली आणि लहानपणापासून ओळखीच्या सोमनाथशीच तिने लग्न केलं. गोधडी आली तेव्हा मच्छीमारांना पैलकाठावरच्या मत्स्यटाक्यांवर कामं मिळाली. सोमनाथ तिकडे बहिणीच्या घरी राहू लागला. पुलावरून येणारा रस्ता मोठा वळसा घेतो, तरी सुरुवातीला तो दर आठवड्याला घरी यायचा. मग महिन्याने येऊ लागला, मग सणासुदीला. भांडण असं झालंच नाही. एकदाच जेवताना तो म्हणाला होता की तू शिवलेल्या गोधडीखाली माझं पाणी आहे आणि मला ते दिसत नाही. ती म्हणाली होती की ते झाकलंय म्हणून लोकांना उन्हाळ्यात प्यायला उरतंय. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुलगी बारामतीला वसतिगृहात होती, आणि तिच्याशी दोघं आपापल्या फोनवरून बोलत.

गोधडीवर पाय ठेवायला सक्त मनाई होती. कळलं असतं तर टाक्यांवरचं त्याचं काम गेलं असतं. कक्षाचे प्रमुख चौगुले सर यांनी सकाळी आल्यावर त्या ठिपक्याबद्दल विचारलं तेव्हा मोनालीने पक्षी असतील असं सांगून टाकलं.

ती सगळी थंडी अशीच गेली. पहाटे खिडकीच्या काचा धुक्याने पांढऱ्या व्हायच्या, बाहेर पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं कळायचं नाही, आणि आत, निळ्या अंधारात, तिचा नवरा चालत यायचा. मध्यावर आला की दोन्ही ठिपके मिळून एक मोठा व्हायचा, म्हणजे तो बसायचा. कधी तो ठिपका लांबट आणि फिका व्हायचा, म्हणजे आडवा झाला. ती कल्पना करायची की त्याने गोधडीला कान लावलाय आणि खालून मासे अंग घासत चाललेत ते तो ऐकतोय. तिच्या हातातला चहा निवून जायचा. तो नेमका कशासाठी येतो, पाण्यासाठी की तिच्यासाठी, हे तिला कळत नव्हतं. मध्यापर्यंत येणारा माणूस कुणाकडे निघालाय हे शेषावरून सांगता येत नाही. मग एका पहाटे तिने त्याच्या वाटेवरचे दोर किंचित आवळले, एवढेच की त्याचा पाय कमी रुतावा आणि दुखऱ्या गुडघ्याला त्रास होऊ नये. दुसऱ्या दिवसापासून ती हे रोज करू लागली. तो परत गेला की ती दोर पुन्हा होते तसे करायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी चौगुले सरांनी एक प्रस्ताव मांडला. कुलभूषण चौगुले सांगलीकडचे, हळू आवाजात बोलणारे, कामात चोख. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ताणलेल्या गोधडीचं गणित रेषीय असतं. रेषीय गणिताचं उत्तर एका पावलात मिळतं आणि ते मिळाल्यावर काही उरत नाही, मग अशा गणितासाठी शेष काढत बसण्यात अर्थ काय? वाचलेली गणनशक्ती वळवाच्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला वापरता येईल, कारण गोधडीला खरा धोका त्या वाऱ्याचा होता. आणि सेन्सरमध्ये इकडेतिकडे जो बारीकसारीक फरक दिसतो तो वाऱ्याची झुळूक समजून प्रोग्रामने विंच फिरवून तिथल्या तिथे सपाट करून टाकावा.

मोनालीच्या डोळ्यांसमोर सोमनाथचं पाऊल आलं. ते गोधडीवर टेकलं की खालचं कापड उसळून त्याला परत वर ढकलणार. तिने बराच विरोध केला. ती म्हणाली की सरळ सोडवलेलं उत्तर गोधडीने कसं वागायला हवं तेवढंच सांगतं. ती खरोखर तशी वागतेय का, हे विचारण्याची एकच जागा आपल्याकडे आहे आणि ती म्हणजे शेष. चौगुले सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की एवढ्या महिन्यांत त्या शेषात पक्ष्यांशिवाय काय सापडलं? याचं जे उत्तर होतं ते तिला देता येत नव्हतं. नवा प्रोग्राम दुसऱ्या दिवसापासून लावायचं ठरलं.

बैठक संपल्यावर त्याच सकाळी तिने सोमनाथला फोन केला. मुलीच्या परीक्षेचं विचारलं, बहिणीची खुशाली विचारली. मग न थांबता म्हणाली, "उद्यापासून गोधडीवर पाय ठेवू नका."

 पलीकडून टाक्यांमधली मोटर चालू असल्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बरं," सोमनाथ म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

आता हेही संपलं, असं मोनालीला वाटलं. जेवायचा डबा तिने तसाच परत बांधला.

दुपारी उकाडा असह्य झाला. वाऱ्याची झुळूकही नव्हती आणि पांढरी गोधडी उन्हात डोळ्यांना बघवत नव्हती. नवा प्रोग्राम लावायची तयारी करायला चौगुले सर आणि ती कक्षात बसले होते. दिवस कलायला लागला तशी पश्चिमेला काळी भिंत उभी राहिली, तिच्या पायथ्याशी तांबडी धूळ होती. वळीव येत होता, आणि अंदाजापेक्षा लवकर येत होता. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. वारा मर्यादेबाहेर गेला की सगळे विंच सोडायचे आणि गोधडी पूर्ण सैल करायची, म्हणजे वारा लाटेसारखा तिच्यावरून निघून जातो. ताणून धरली तर ती फाटते. सैल गोधडीच्या घड्यांमध्ये मात्र जे सापडेल ते गुंडाळलं जातं आणि पाण्याखाली जातं.

चौगुले सरांनी विंच सोडायची तयारी केली. मोनालीने सवयीने स्क्रीनकडे पाहिलं. जुना प्रोग्राम अजून चालू होता. निळ्यात केशरी ठिपके होते, एक उजळत होता, एक विझत होता. भर दिवसाउजेडी. आणि ते मध्याच्या अलीकडे आले होते. इतक्या महिन्यांत तो कधी मध्य ओलांडून आला नव्हता. आज तो परत फिरायला निघालेला नव्हता.

"सर, सोडू नका," ती म्हणाली. "गोधडीवर माणूस आहे. माझा नवरा आहे."

चौगुले सर त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. पक्षी म्हणून ती इतके दिवस काय सांगत आली होती ते त्यांना त्या क्षणी कळलं असणार, पण त्यांनी तो विषय काढला नाही. ते शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारलं की किती जागा ताणून धरावी लागेल?

मोनालीने सांगितलं की सगळी नको, त्याच्या भोवतीचा एक तुकडा पुरेल, आणि तो चालेल तसा तुकडाही चालवावा लागेल. पुढचे त्रिकोण आवळायचे, मागचे सोडायचे. चौगुले सर म्हणाले की तो तुकडा शिडासारखा सगळा वारा धरेल. तिथली शिवण उसवली तर फाट कुठपर्यंत धावेल सांगता येत नाही, आणि या उन्हाळ्याचं पाणी त्या गोधडीखाली आहे. हे त्यांनी तिला अडवायला सांगितलं नव्हतं. बोलता बोलताच त्यांनी पश्चिमेकडचे विंच आपल्याकडे घेतले होते.

वारा आला. खिडक्या थरथरल्या आणि बाहेरची गोधडी काठापासून काठापर्यंत उचलली गेली. स्क्रीनवरचा निळा रंग ढवळून निघाला. त्या सगळ्या ढवळाढवळीत संगणक अंदाज करत होता, सुधारत होता, पुन्हा अंदाज करत होता, आणि शेष काही केल्या कमी होत नव्हता. फक्त एका जागी, त्या खळबळीच्या मधोमध, एक छोटा स्वच्छ निळा तुकडा होता. तिथे गोधडी ताठ होती, तिथलं गणित सरळ होतं आणि एका पावलात सुटत होतं. सुटल्यावर तिथे दोन ठिपके तेवढे उरत होते. मोनालीने त्या तुकड्याचा शेष वेगळा काढून डोळ्यांसमोर ठेवला. ते दोन ठिपके सोडून तिथे आणखी काही उरलं, तर समजायचं की चुण्या आत शिरताहेत.

अलीकडचा काठ अजून दूर होता. तिथपर्यंत तुकडा टिकणार नाही हे दोघांनाही दिसत होतं. त्याच्या डाव्या हाताला, बराच जवळ, एक तराफा होता. त्यावर विंच होता आणि धरायला खांब होता. पण सोमनाथ सरळ येत होता, घराच्या दिशेने. मोनालीने फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला. मग तिने फोन खाली ठेवला आणि त्याच्या समोरचे न् उजवीकडचे दोर थोडे आवळले, डावीकडचे किंचित सोडले. त्याच्या पायाखालची गोधडी तराफ्याच्या बाजूला उतरती झाली असणार.

ठिपके थांबले. दोन्ही एकदम उजळलेले, म्हणजे तो उभा होता. वारा वाढतच होता. पूर्वेकडे कुठेतरी कापड फाटल्याचा आवाज कक्षापर्यंत आला, आणि चौगुले सरांनी पूर्वेची बाजू गेली एवढंच सांगितलं. मोनालीने आणखी थोडा उतार दिला. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण सांगायला तिच्या हातात दोरांशिवाय काही नव्हतं.

मग डावं पाऊल वळलं.

तो तराफ्याकडे चालू लागला. ती त्याच्या पुढे पुढे जमीन घालत गेली. एकदा दोन्ही ठिपके नाहीसे होऊन एक रुंद डाग पडला, म्हणजे तो कोसळला होता. तुकड्याच्या कडेने केशरी रेघा आत सरकू लागल्या. चौगुले सरांनी आपल्याकडचे दोर जेवढे आवळता येतील तेवढे आवळले आणि रेघा मागे हटल्या. डागाचे पुन्हा दोन ठिपके झाले. उजवा फारच कमी टेकत होता. तराफा जवळ आला. डावा. उजवा. डावा.

आणि मग तिथे काहीच राहिलं नाही. तुकडा कोरा निळा झाला.

"शेष शून्य," चौगुले सर सवयीने म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

त्यांच्या धंद्यात यापेक्षा चांगला शब्द नाही. पण गोधडीवरचं वजन गेलं याचे दोन अर्थ होते. तो तराफ्यावर चढला असेल, कारण तराफा गोधडीच्या गणितात नव्हता. किंवा कडेची शिवण उसवून तो खाली पाण्यात गेला असेल, कारण पाण्यात गेलेल्या माणसाचंही वजन गोधडीवर पडत नाही. संगणकाला दोन्ही सारखंच. मोनालीने विचार केला की तो खाली असेल तर ताठ कापडाखालून त्याला वर येता येणार नाही, आणि वर असेल तर आता त्याला कापडाची गरजच नाही. तिने तो तुकडाही सैल सोडला. निळ्यात निळं मिसळलं. तिच्या हातात धरण्यासारखं काही उरलं नाही.

वळीव गेला तो आला तसाच, एकदम. पाऊस थोडाच पडला. देखभालीची होडी दोरांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून निघाली तेव्हा मोनाली तिच्यात होती. गोधडी दोन्ही बाजूंना चुरगळून पडली होती, उन्हाळी संध्याकाळचा पिवळा उजेड तिच्या घड्यांवर साचला होता, आणि कुठेकुठे हवेच्या उश्या अजून हळूहळू वर येत होत्या, झोपेत कुणी कूस बदलावी तशा. तराफा एका उंच घडीमागे होता. ती घडी ओलांडेपर्यंत तो दिसला नाही.

सोमनाथ खांबाला हात गुंफून बसला होता. ओलाचिंब होता, एका पायात चप्पल नव्हती, गुडघा सुजला होता. होडी टेकायच्या आधीच ती तराफ्यावर उतरली. आधी तिने त्याच्या खांद्याला हात लावून पाहिला, मग त्याच्याशेजारी ओल्या फळ्यांवर बसली. होडीवाला दुसरीकडे बघत राहिला.

"आधी वाटलं, पाणीच सांगतंय," सोमनाथ म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मग म्हटलं, पाणी इतकं हळू सांगत न्हाय. ही तूच."

 मग तिने विचारलं, "रोज कशाला यायचात?"

तो जरा विचार करून बोलला. "पाण्यासाठीच यायचो. खोटं कशाला सांगू. मग एकेक दिवस वाटायचं, आजून थोडं गेलं तर घर हाय. सकाळी तू फोन केलास, तवा कळलं तुला सगळं दिसतंय. म्हटलं, मग आता अर्ध्यातनं काय परत जायचं."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. गोधडी पूर्वेच्या काठापर्यंत फाटली होती. त्या उन्हाळ्यात तिथलं पाणी उघड्यावर राहिलं, उडून गेलं, आणि खालच्या शहरांत नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. बाजारात भाजी घेताना मोनालीने लोकांची बोलणी ऐकली. ती तिला लागली, पण तिने मान वर करून ऐकून घेतली, कारण ती लोकांच्या हंड्यांबद्दल होती आणि त्यांचं चुकत नव्हतं. चौकशी झाली. चौगुले सरांनी काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आपणही विंच धरले होते हेही सांगितलं. मोनालीला पावसाळाभर कामावरून दूर ठेवलं, सोमनाथचं टाक्यांवरचं काम गेलं. चौकशी समितीने शेवटी एवढं केलं की शेष काढायचा थांबवू नये, वारा असो वा नसो, असं लिहून दिलं. चौगुले सरांनी स्वतः फोन करून तिला ते कळवलं, आणि ती व्याख्या नेमकी कशी लिहिली होती हे पुन्हा एकदा नीट समजून घेतलं.

सोमनाथ पुलावरच्या रस्त्याने एस.टी.ने घरी आला, पिशवी आणि बहिणीने दिलेले शेंगदाणे घेऊन. पहिले काही दिवस दोघांनाही घरात एकमेकांच्या वाटेत येऊ नये असं जपून वागावं लागत होतं. मग गोधडी सांधायचं काम निघालं आणि होडी चालवता येणारी माणसं हवी होती, तेव्हा तो तिथे लागला.

एके दिवशी सकाळी मोनाली त्याचा डबा घेऊन काठावर गेली. तो निघायच्या बेतात होता. त्याने हात पुढे केला, ती होडीत बसली. होडी फाटलेल्या कडेपाशी आली. तिथे एका बाजूला पांढरं कापड संपत होतं आणि दुसऱ्या बाजूला उघडं पाणी होतं, हिरवट, आणि त्याच्यावर सकाळची वाफ तरंगत होती. गोधडी उद्या या पाण्यावर पुन्हा येणार होती. ती आणण्याचंच काम तो करत होता.

"मला ही गोधडी आवडायची न्हाय कधी," सोमनाथ म्हणाला.

"नका आवडू देऊ," ती म्हणाली.

त्याने वल्हं उचलून आडवं ठेवलं. होडी आपोआप वळत थांबली. मोनाली जरा वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिली, मग बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"कसंय?" त्याने विचारलं.

"गार आहे," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.